बिनकडीच्या बाथरूमचा दिवा

बाथरूमच्या दाराची कडी तुटली, त्या दिवसापासून जावईबापूंच्या घरात खोकल्याचं प्रमाण वाढलं. आजारी कुणीच नव्हतं. आतला माणूस ‘मी आत आहे’ म्हणून खोकायचा, बाहेरचा ‘मी येतोय’ म्हणून खोकायचा, आणि दोघं एकदम खोकले की कुणी कुणासाठी थांबायचं हे ठरेपर्यंत आतल्याचं पाणी निवून जायचं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने खोकायला साफ नकार दिला. ती आत गेली की गाणी म्हणायची. आवाज बरा होता, पण गाणं संपलं तरी अंघोळ संपायची नाही, मग ती तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरायची, आणि बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या माणसाची ते दिवसभर पाठ सोडायचं नाही.

कडी तुटली ती रंगमास्तरांमुळे. रंगमास्तर म्हणजे जावईबापूंचे सासरे. पस्तीस वर्षं एका कापडगिरणीच्या रंगखात्यात काढलेला माणूस. एकाच लाल रंगाच्या अकरा छटा नुसत्या नजरेने वेगळ्या काढून दाखवायचे, आणि समोरच्याला त्यातल्या नऊ सारख्याच दिसल्या तर त्याच्याकडे कनवाळूपणे बघायचे. बायको गेल्यापासून ते चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत एकटे राहायचे. तीन महिन्यांपूर्वी लेकीकडे चार दिवस म्हणून आले आणि दुसऱ्याच सकाळी अंघोळ करता करता चक्कर येऊन खाली बसले. आतून कडी. जावईबापूंनी खांद्याने दार फोडायचा प्रयत्न केला. दाराला काही झालं नाही. खांदा मात्र पंधरा दिवस शेकावा लागला. शेवटी पहार आणून कडी उखडली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि दोन हुकूम सोडले: यांनी एकटं राहायचं नाही, आणि हे अंघोळीला गेले की दाराला कडी नको, बाहेर कुणीतरी हवं.

आता घरात ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, याचा निकाल लागायला वेळ लागत नाही. जावईबापूंच्या बायकोची कामावरची पाळी सकाळी सातला सुरू होते. मुलगी त्या वेळी झोपेत असते आणि झोपेत नसली तरी तसं भासवते. राहिले जावईबापू. एका सरकारी कचेरीत ते जावक विभाग सांभाळतात. म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर टाकल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडू देत नाहीत. असा माणूस रोज सकाळी साडेसातला बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसू लागला.

“ठीक ना, मामा?”

“ठीक.”

दोन मिनिटं पाण्याचा आवाज.

“ठीक ना?”

“ठीक.”

डॉक्टरांनी ‘अधूनमधून विचारत राहा’ एवढंच सांगितलं होतं. अधूनमधून म्हणजे दर दोन मिनिटांनी, हे जावईबापूंनी स्वतःच्या अधिकारात ठरवलं. पहिल्या आठवड्यात आतून नुसतं ‘ठीक’ यायचं. दुसऱ्या आठवड्यात ‘ठीक, ठीक’. महिन्याभराने “अहो जावईबापू, साबण लावतोय, अजून मेलो नाही,” असं उत्तर आलं. मग मास्तर एक दिवसाआड अंघोळ करू लागले. मग दोन दिवसांआड. ज्या माणसाने पस्तीस वर्षं अंगावर रंगाचा एक शिंतोडा घेऊन गिरणीबाहेर पाऊल टाकलं नाही, तो मळक्या कॉलरने खिडकीशी बसून राहिला. आणि एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, “येत्या एक तारखेला मी माझ्या खोलीवर परत जातो.”

“बाबा, तिथे पडलात तर कोण बघणार?” बायकोने विचारलं.

“कुणी नाही. तेच बरं.”

बायको त्या दिवशी जेवली नाही. तशी ती भांडणारी बाई. भांडली असती तर जावईबापूंना काळजी वाटली नसती. ती काही बोलली नाही, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एक तारखेला मामा त्या खोलीत गेले, तर ही बाई रोज सकाळी कामावर जाईल, पण तिचा जीव कुठल्यातरी चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराशी बसून राहील.

आणि खरं सांगायचं तर मास्तरांचं दुखणं जावईबापूंइतकं दुसऱ्या कुणाला कळणारच नव्हतं. त्यांचं स्वतःचंही असंच एक झाकलेलं दुखणं होतं. जावईबापूंना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासून. दोन्ही त्यांना एकाच मळकट पिवळट घराण्यातले वाटतात, एक जरा थोरला, एक जरा धाकटा. रस्त्यावरच्या सिग्नलला ते वरचा दिवा की खालचा एवढंच बघतात. टोमॅटो आणायची वेळ आली की त्यांना नेमकं कचेरीत काम निघतं. शर्ट पलंगावर काढून ठेवलेला असतो तोच घालतात. तो कोण काढून ठेवतं आणि का, असला खोलात जायचा त्यांचा स्वभाव नाही. ही गोष्ट आपण लग्नाच्या बावीस वर्षांत कुणाला कळू दिलेली नाही, असा त्यांचा पक्का समज होता. इतरांना एक वेळ सांगितलीही असती. पण सासरा रंगखात्याचा मास्तर! त्याला काय सांगणार, की तुमच्या आयुष्यभराच्या कामातलं निम्मं मला दिसत नाही?

तर अशा माणसाने, अशा सासऱ्याची अब्रू राखण्यासाठी, रंग बदलणाऱ्या दिव्यांची योजना काढली. इथूनच पुढचा सगळा घोळ.

योजना वाईट नव्हती. दुकानांच्या काचेत लावतात तशी एलईडीची पट्टी बाथरूमच्या छताच्या कडेने फिरवायची. दारावरच्या काचेतून तिचा उजेड पॅसेजमध्ये पडेल. रिमोटने रंग बदलेल. आत जाणाऱ्याने निळा लावायचा: आत माणूस आहे, सर्व क्षेम. चक्कर येतेय असं वाटलं तर एक बटण, की दुसरा रंग: धावा. बाहेर येताना तिसरा: रिकामं. स्टूल नको, खोकला नको, ‘ठीक ना’ नको. जावईबापूंनी याची चार पानी नियमावली केली, तिला जावक क्रमांक दिला आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली.

पहिल्या मसुद्यात ‘रिकामं’साठी पांढरा आणि ‘धावा’साठी पिवळा होता. त्यामागे किती विचार होता ते आपल्याला माहीत आहे.

“पप्पा, काहीतरीच काय!” मुलगी म्हणाली. “सगळ्या जगात धोक्याला लाल असतो आणि मोकळ्याला हिरवा. तुम्ही पांढरा-पिवळा कशाला आणताय?”

ज्याच्या मनात काही नाही असा माणूस म्हणाला असता, मला आवडतो पिवळा. पण समोर मास्तर बसले होते. त्यांनी पेपरच्या वरून एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. जावईबापूंनी घाईघाईने मसुदा स्वतःकडे ओढला.

“तेच तर म्हणतोय मी,” ते म्हणाले. “लाल आणि हिरवाच. हा नुसता कच्चा खर्डा आहे.”

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी पिवळा खोडला. सिग्नलला निदान वर-खाली असतं. पट्टीला तेही नाही, हे खोडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

इमारतीच्या नियमांनुसार घरात नवी वायर टाकायची तर सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात आणि प्रत्येक गोष्टीला एक फॉर्म ठेवतात. त्या फॉर्मात ‘दिव्याचा हेतू’ असा रकाना होता. जावईबापूंनी सुवाच्य अक्षरात ‘वृद्धांची सुरक्षितता’ असं लिहिलं.

“हा पर्याय नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “शोभा, व्यवसाय किंवा जाहिरात. यातलं बोला.”

“अहो, बाथरूममध्ये कसली जाहिरात?”

“म्हणून तर म्हणतो, शोभा लिहा. आणि माझं ऐकाल तर जांभळा लावा. जांभळ्याने मन शांत होतं. माझ्या मेव्हण्याने लावलाय.”

“शांत झाले का ते?”

“नाही. पण त्याचा स्वभावच तसा आहे.”

जन्मभर दुसऱ्यांचे कागद त्रुटी काढून परत पाठवणारे जावईबापू मान खाली घालून ‘शोभा’ लिहून आले. खाली शेरा पडला: काम पूर्ण झाल्यावर समक्ष पाहणी करून मंजुरी.

पट्टी आणली. तिच्या पाठीला गोंद होताच, तेव्हा वायरमन येईपर्यंत ती चिकटवून ठेवू, असा उत्साह जावईबापूंना आला. शिडीवर चढून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यांनी ती छताखालच्या टाइल्सवर अगदी सरळ रेषेत चिकटवली. दुसऱ्या सकाळी मुलगी गरम पाणी घेऊन आत गेली, वाफ झाली, गोंदाने हात टेकले आणि पाच मीटर पट्टी वेटोळी घालत तिच्या गळ्यात येऊन पडली. गाणं एकदम दोन पट्ट्या वर गेलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर कौतुकाने विचारलंसुद्धा, मुलगी शिकते का कुठे म्हणून.

वायरमन वचनाला पक्का माणूस. येतो म्हणाला की यायचा. दिवस तेवढा तो आपल्या मनाने ठरवायचा. आल्या आल्या त्याने पट्टी हातात घेतली आणि मान हलवली.

“साहेब, ही शोकेसची पट्टी आहे. हिला पाणी चालत नाही.”

“दुकानदार म्हणाला, चालतं.”

“दुकानदार अंघोळ करणार आहे का इथे?”

त्याने सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी आणायला लावली. ॲल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने बसवून तीत ती घातली. मुख्य लाइनीचा करंट बाथरूममध्ये न्यायचाच नाही, असं ठणकावून ॲडॉप्टर आणि रंग बदलणारी डबी बाहेर पॅसेजमध्ये बसवली. आत जाणार ते फक्त बारा व्होल्ट. पाठीमागे हात बांधून मास्तर त्याचं काम बघत उभे राहिले. चांगलं काम करणारा माणूस दिसला की ते असे उभे राहतात. तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच उभे राहिले होते, हे जावईबापूंनी मनाशी टिपून घेतलं.

शेवटच्या चार वायरी जोडायच्या राहिल्या आणि वायरमनचा फोन वाजला. कुठेतरी पाण्याचा पंप बंद पडला होता.

“चारच टोकं आहेत साहेब. डबीवर अक्षरं आहेत. काळी इथे, आणि मग लालला लाल, हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. मी उद्या येतो, नाहीतर तुम्हीच लावा. मुख्य बटण बंद ठेवा म्हणजे झालं. डोळे मिटून होण्यासारखं काम आहे.”

तो उद्या तीन दिवस आला नाही. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मास्तरांनी कपाटावरची बॅग खाली काढून पुसली. सेक्रेटरी संध्याकाळी पाच वाजता पाहणीला येणार होते. जावईबापूंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बायको कामावर, मुलगी कॉलेजात, मास्तर बागेत, अशी वेळ साधून ते शिडीवर चढले.

काळी वायर कळली. निळी कळली. राहिल्या दोन. डबीवर अक्षरं स्पष्ट होती. वायरींवर फक्त रंग होता. जावईबापूंनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या, दिव्याखाली धरल्या, चष्मा लावून आणि काढून बघितल्या. दोघी जुळ्या बहिणींसारख्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. खालच्या दुकानात जाऊन विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम. मुलीला फोटो पाठवला असता तर तेवढंही नाही. पण विचारायचं म्हणजे काय म्हणून विचारायचं? शेवटी त्यांना एक वायर जरा गंभीर वाटली. धोक्याचा रंग गंभीरच असणार, अशा तर्काने त्यांनी ती लालच्या खाचेत घातली, स्क्रू पिळले, बटण लावलं. रिमोटच्या वरच्या ओळीत पहिलं बटण लाल, दुसरं हिरवं, तिसरं निळं, हे त्यांनी माहितीपत्रकावरून पाठ केलं होतं. पहिलं दाबलं, उजेड पडला. दुसरं दाबलं, उजेड बदलला. तिसरं दाबलं, स्वच्छ निळा. जावईबापू शिडीवरच समाधानाने दोन मिनिटं बसून राहिले.

पाच वाजता सेक्रेटरी फाइल घेऊन आले. बायको आणि मुलगीही घरी आल्या होत्या. मास्तर म्हणाले, “आज मी निवांत अंघोळ करतो,” आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला रिमोट घेऊन आत गेले. दारावरच्या काचेतून निळा उजेड पॅसेजमध्ये उतरला. कुणी खोकलं नाही. कुणी ‘ठीक ना’ विचारलं नाही. आत पाणी पडत होतं आणि त्या आवाजात मधूनच मास्तर काहीतरी गुणगुणत होते. बायको डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेली. सेक्रेटरी म्हणाले, “वा! शोभा आहे.” जावईबापू खुर्चीत पेपर उघडून बसले, पाय एकावर एक टाकून. तीन महिन्यांत त्यांनी अंघोळीच्या वेळी पहिल्यांदाच स्टूल सोडून खुर्ची घेतली होती.

दहा मिनिटांनी मास्तरांचं आवरलं. त्यांनी अंगाला टॉवेल गुंडाळला आणि ‘रिकामं’चं हिरवं बटण दाबलं.

पॅसेज लालभडक झाला.

“बाबा!” बायको हातातलं पातेलं टाकून धावली. “आजोबा!” मुलगी धावली. सेक्रेटरी फाइलसकट धावले. तिघं जावईबापूंच्या खुर्चीवरून, जवळजवळ अंगावरून गेली. जावईबापूंनी पेपर खाली केला, दारावरच्या काचेकडे बघितलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, “झालं वाटतं मामांचं.”

“अहो, लाल! लाल लागलाय!”

“हो ना,” जावईबापू म्हणाले. “छान दिसतोय.”

दाराला कडी नव्हतीच. तिघं एकमेकांवर आदळत थेट आत गेली. लालभडक उजेडात, टॉवेलावर, मास्तर रिमोट हातात धरून वर पट्टीकडे बघत उभे होते. एका हाताने टॉवेल सावरत त्यांनी आधी सेक्रेटरींकडे बघितलं, मग लेकीकडे. मग कोरड्या आवाजात म्हणाले, “बटण हिरवं आहे, उजेड लाल आहे. दोन वायरींची अदलाबदल झालीय. जोडणी कुणी केली?”

सगळ्यांनी मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या जावईबापूंकडे बघितलं.

“वायरमनने,” जावईबापू म्हणाले.

बावीस वर्षांची सवय; तोंडातून निघून गेलं. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे वायरमनला फोन लावला. योग असा की ज्या माणसाची तीन दिवस वाट बघितली, तो नेमका याच गल्लीत होता आणि पाच मिनिटांत हजर झाला. मास्तर कपडे घालून आतल्या खोलीत बॅग भरायला गेले. टॉवेलावर उभं असताना फाइलवाला परका माणूस आत घुसतो, ही गोष्ट त्या माणसाला तीन महिन्यांच्या ‘ठीक ना’पेक्षा भारी पडली होती.

वायरमनने शिडीवर चढून डबी उघडली. त्याच्या हातची जोडणी तो ओळखत नाही असं कसं होईल? पिळलेले स्क्रू त्याने बघितले. मग खाली उभ्या जावईबापूंचा चेहरा बघितला. जावईबापूंना वाटलं, आता झालं.

“हो साहेब,” वायरमन सेक्रेटरींना म्हणाला. “चूक माझीच. घाईत होतो.”

त्याने वायरी बदलल्या. सेक्रेटरींनी त्याच्या नावापुढे ‘काम निष्काळजीपणाचं, पुन्हा बोलावू नये’ असा शेरा मारला आणि ते गेले. जावईबापू वायरमनला दारापर्यंत सोडायला गेले.

“माझ्या साडूलापण दिसत नाही, साहेब,” वायरमन हळूच म्हणाला. “आम्ही काम सांगण्याआधी विचारतो एरवी, रंग कळतात ना म्हणून. तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तेवढी चूक माझी खरंच आहे.”

आणि पिशवी खांद्याला लावून तो जिना उतरून गेला.

जावईबापूंना रागवून बोललेलं सोसतं, त्रुटी काढलेल्या सोसतात, हे सोसेना. ते तसेच चपला घालून तळमजल्यावर गेले.

“तो शेरा खोडा,” ते म्हणाले. “जोडणी मी केली. मला लाल-हिरवा कळत नाही.”

सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. “ते माहीत आहे हो मला.”

“काय माहीत आहे?”

“मी तातडीच्या नोटिसा लाल शाईने लिहितो आणि साध्या हिरव्या. सगळी इमारत लाल बघून पळते, तुम्ही एकटे दोन्हींसमोर सारखेच शांत उभे. म्हणून तर पाणी बंद असलं की तुमच्याकडे मी स्वतः सांगायला येतो. तुम्हाला काय वाटलं, मला जिने चढायची हौस आहे?”

जावईबापूंना आजवर तसंच वाटत आलं होतं. या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहे, असं त्यांनी बायकोला निदान वीसदा सांगितलं होतं. सेक्रेटरींनी शेरा खोडून त्यावर ‘चुकीने नोंद’ असं लिहिलं, सही केली आणि वर म्हणाले, “जांभळ्याचं ऐकलं असतंत तर हे झालंच नसतं.” जावईबापूंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. फाइलीत न बसणारी गोष्ट झाल्यामुळे सेक्रेटरी जरा गोंधळले.

एक तारीख उजाडली. टॅक्सी दहाला यायची होती. बायकोला कामावर जाणं भाग होतं; ती बापाच्या पाया पडली आणि मागे न बघता गेली. मास्तर म्हणाले, “निघण्याआधी अंघोळ करून घेतो.” त्यांनी दिवा लावलाच नाही. जावईबापूंनी स्टूल ओढलं.

आत पाण्याचा आवाज सुरू झाला. ‘ठीक ना’ची वेळ झाली, टळली. पुन्हा झाली.

“मामा,” जावईबापू म्हणाले, “वायरमनने नाही, ती जोडणी मी केली होती. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. लहानपणापासून. तुम्हाला सांगायची लाज वाटली.”

पाण्याचा आवाज थांबला. जावईबापू घाबरून अर्धवट उठले.

“मामा? ठीक ना?”

“ठीक आहे हो. बसा.” आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला. “लग्नाचं बोलणं करायला तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात, तेव्हा मी तुमच्यापुढे दोन कापडं ठेवली होती. आठवतं? एक लाल, एक हिरवं. यातलं बरं कुठलं, म्हणून विचारलं.”

जावईबापूंना आठवलं. त्या दिवशी अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

“तुमच्या आधी दोघं येऊन गेले होते. दोघांनी लाल असा नि हिरवा तसा म्हणून मला अर्धा-अर्धा तास शिकवलं. तुम्ही काही बोलला नाहीत. दोन्ही कापडं हातात घेतलीत, चुरगाळून बघितलीत, ताणून बघितलीत आणि एकाची वीण घट्ट आहे म्हणालात. खरंच घट्ट होती. माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तुम्ही गेल्यावर लेकीला सांगितलं, याला रंग कळत नाही, पण माणूस कापड बघतो. होकार कळव. आणि टोमॅटो तू आणत जा.”

जावईबापू स्टुलावर बसून होते. पलंगावर काढून ठेवलेले शर्ट, डाव्या बाजूला वेगळे ठेवलेले पिकलेले पेरू, सिग्नलला मागच्या सीटवरून ‘चला आता’ म्हणणारा आवाज, असं बावीस वर्षांचं कायकाय त्यांच्यापुढून जाऊ लागलं. एकाही गोष्टीबद्दल त्यांनी कुणाचे आभार मानलेले नव्हते, कारण त्यांना कुणी काही केल्याचं कळूच दिलं नव्हतं.

“हिने मला कधी बोलून दाखवलं नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही लपवत होतात. तुमची हौस होती, तिने पुरवली.” आतून मास्तरांनी नळ बंद केल्याचा आवाज आला. “विचारलं असतंत वायरींचं, तर मी सांगितलं असतं की. बागेतच तर बसलो होतो.”

“विचारायचं जिवावर आलं.”

“हं,” आतून आवाज आला. “येतं खरं.”

मग मास्तरांनी घसा साफ केला.

“जावईबापू.”

“बोला मामा.”

“गेले तीन महिने माझा हात पाठीपर्यंत पोचत नाही. वर नेला की डोळ्यांपुढे अंधारी येते.” आतून साबणदाणी सरकवल्याचा आवाज आला. “जरा आत येता का?”

जावईबापू बाह्या सरसावून आत गेले. पाटावर पाठमोरे बसलेले मास्तर त्यांना एकदम लहान वाटले. त्यांनी हातावर साबण घेतला आणि खांद्यापासून खाली, मधे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, कानामागे, नीट, घाई न करता पाठ चोळून काढली. गरम पाण्याचे तीन तांबे पाठीवर पडले तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला की जावईबापूंनी न विचारता चौथा ओतला.

“टॉवेल राहिला की बाहेर,” मास्तर म्हणाले. “बॅगेत भरून टाकला मी.”

“आणतो.”

जावईबापूंनी खोलीत जाऊन बॅगेचे पट्टे सोडले, घड्या घातलेले सदरे काढून पलंगावर ठेवले, गोळ्यांची डबी खिडकीत ठेवली. तळाशी टॉवेल सापडले. ते तिथूनच ओरडले, “मामा, दोन आहेत! कुठला आणू?”

“एक लाल आहे, एक हिरवा,” बाथरूममधून खणखणीत आवाज आला. “कुठलाही आणा.”